गच्चीवरचे ‘रत्ना’ कलम : सात वर्षांनंतरचा अभिप्राय

जून २०१८ मध्ये दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून मी आंब्याच्या ‘रत्ना’ जातीचे एक कोय कलम आणले आणि पुण्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर, मधोमध कापलेल्या प्लॅस्टिकच्या पिंपात लावले. त्याविषयी लिहिण्यासाठी मी मुद्दाम सात वर्षे थांबले, कारण आंब्याच्या कलमाविषयी पहिल्या पालवीवरून मत देणे म्हणजे बारशाच्या दिवशी मुलाच्या स्वभावाचा दाखला देण्यासारखे आहे. हे कलम समाधानकारक आहे, हे आधीच सांगते. मात्र ते कोणासाठी समाधानकारक आहे आणि कोणासाठी नाही, हे मला स्वतःच्या झाडापेक्षा शेजारच्या इमारतीतील एका काकांमुळे जास्त चांगले कळले, म्हणून या अभिप्रायात त्यांचे आणि त्यांच्या हापूसचे येणे अपरिहार्य आहे.

‘रत्ना’ ही नीलम आणि हापूस यांच्या संकरातून विद्यापीठाच्या वेंगुर्ल्यातील फळ संशोधन केंद्रात तयार झालेली जात १९८१ साली प्रसारित झाली. हापूसच्या दोन जुन्या खोडी, म्हणजे वर्षाआड फळणे आणि पिकलेल्या फळात पांढरट, आंबूस साका निघणे, या दोन्ही तिच्यात नसाव्यात हा त्या संकरामागील हेतू होता. दरवर्षी धरण्याचा गुण नीलमकडून आला आणि गराचा रंग व रेशाविरहित पोत हापूसकडून. झाड मध्यम वाढीचे राहते, त्यामुळे पिंपात लावणाऱ्यांनी या जातीचा विचार आधी करावा असे मला वाटते. याच विद्यापीठाची ‘सिंधू’ ही अतिशय पातळ कोयीची जात रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून १९९२ साली आली. ती मी लावलेली नाही, त्यामुळे तिच्याविषयी बोलत नाही.

काकांची ओळख झाली ती एका शब्दामुळे. कलमाला चौथ्या वर्षी पहिली तीन फळे धरली होती, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला, पाण्याच्या टाकीच्या कामासाठी दोन्ही इमारतींतील काही मंडळी गच्चीवर जमली असताना, मी एका कैरीला हात लावून ती उतरवावी की नाही याचा विचार करीत उभी होते. मागून आवाज आला, “बारा आणेसुद्धा झालेली नाही अजून. राहू द्या.” फळाची तयारी सोळा आण्यांच्या रुपयात मोजणारा माणूस कोकणातला असणार हे उघड होते. मी “मग चौदा आण्यांना काढू का?” असे विचारताच त्यांनी गाव विचारले, मी दापोली म्हणाले, आणि त्यानंतर टाकीच्या कामाकडे आम्हा दोघांचेही लक्ष राहिले नाही. त्यांचे घर केळसकर नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते, आमचे जालगावात. त्यांच्या गच्चीवरही पिंपातले एक आंब्याचे कलम होते, जवळजवळ माझ्याच कलमाच्या वयाचे, आणि ते अर्थातच हापूसचे होते. पुढील तीन हंगाम आम्ही दोघांनी ही दोन झाडे शेजारी ठेवल्यासारखीच पाहिली, त्यामुळे पुढील निरीक्षणांना एकाच हवेतील तुलनेचा आधार आहे.

दापोलीचे झाड पुण्यात आणताना पहिला विचार पाण्याचा करावा लागतो, आणि तो पावसाच्या आकड्यांपुरता नाही. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पुण्यात साधारण सातशे. पण तिकडे तो जांभ्याच्या मातीतून झरझर निघून जातो, तर पिंपात शंभर मिलिमीटरसुद्धा मुळांशी साचून राहू शकतो. मी तळाला आणि बाजूला मिळून बारा भोके पाडली, पिंप विटांवर उचलून ठेवले आणि निम्मी माती, उरलेल्यात शेणखत व जाडसर वाळू असे मिश्रण भरले. खरी अडचण मात्र उन्हाळ्यात आली. बोअरच्या पाण्यातील क्षारांमुळे दुसऱ्या वर्षी पानांची टोके तपकिरी होऊन करपू लागली आणि मी ते रोग समजून दोन महिने भलत्याच फवारण्या केल्या. पुढे ओळख झाल्यावर काकांनी ती पाने पाहताक्षणी सांगितले की पान टोकाकडून एकसारखे जळत असेल तर आधी पाण्याकडे पाहावे. पावसाळ्यात पिंपातून भरपूर पाणी वाहू देऊन क्षार धुऊन काढणे आणि पत्र्यावरचे पावसाचे पाणी जमेल तितके साठवणे, एवढ्यावर तो प्रश्न बराचसा मिटला.

फळांचा हिशेब असा. पहिली तीन वर्षे आलेला मोहोर मी मन घट्ट करून खुडून टाकला. चौथ्या वर्षी तीन फळे मिळाली, पाचव्या वर्षी अकरा, सहाव्या वर्षी अवकाळी पावसाने मोहोर झडल्यामुळे नऊ, आणि यंदा चौदा. बहुतेक फळे तीनशे ग्रॅमच्या पुढे भरली. यंदाचे एक फळ चारशे ग्रॅमच्या आसपास होते आणि त्या फांदीला मला काठीचा टेकू द्यावा लागला. एकाही फळात साका निघाला नाही. काकांच्या हापूसने या चार वर्षांत दोनदाच फळे दिली, तीही एका वर्षी पाच आणि दुसऱ्या वर्षी सात, आणि त्या बारा फळांपैकी दोन कापल्यावर आत साका होता. जमिनीची धग लागली की साका वाढतो असे बागाईतदार सांगतात आणि म्हणून कातळावरच्या बागांत झाडाखाली गवत अंथरतात. तापलेल्या सिमेंटच्या गच्चीला हा नियम लागू पडत असेल तर हापूससाठी याहून वाईट जागा नाही. काकांनी मात्र साका सुरीने कोरून बाजूला केला, उरलेले फळ खाल्ले आणि लहानपणीही असेच खात होतो असे सांगितले.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. तुडतुडे आणि भुरी, म्हणजे मोहोरावरची पांढरी बुरशी, यांपासून रत्नाची सुटका नाही; जानेवारीत मोहोर फुटू लागला की मी कडुनिंबाचे तेल आणि भुरी दिसताच पाण्यात विरघळणारे गंधक फवारते, आणि त्यात एक आठवडा आळस केला त्या वर्षी मोहोराचे तुरे पांढरे पडलेले पाहावे लागले. फळमाशीसाठी विद्यापीठाचाच ‘रक्षक’ सापळा टांगला आहे. त्यातील गंधाला नरमाश्या फसतात, परंतु आजूबाजूच्या दहा गच्च्यांवर सापळे नसतील तर माशा पूर्ण थांबणार नाहीत, हे गृहीत धरून मी फळांना कागदी पिशव्याही बांधते. याखेरीज एक सावधगिरी कोणत्याही कलमाच्या बाबतीत घ्यावी लागते. याआधी एका रस्त्याकडेच्या रोपवाटिकेतून हापूस म्हणून आणलेले माझे कलम दोन वर्षे जोमाने वाढले आणि मग लक्षात आले की वाढत होता तो जोडाखालचा रायवळ, म्हणजे कोयीतून उगवलेल्या गावठी आंब्याचा, खुंट. वरची कलमकाडी केव्हाच वाळून गेली होती. काडी विकतानाच कमकुवत होती की नाही हे आता सिद्ध करता येणार नाही, पण जोडाखालचे फुटवे वेळीच काढले नाहीत ही चूक माझीच होती.

आता चवीविषयी. मागील वर्षी योगायोगाने दोन्ही झाडांची फळे एकाच आठवड्यात पिकली. मी दोन्ही कापून, सालीशिवाय, एका ताटात मांडणार होते, परंतु काकांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकताच, सुरी लागण्यापूर्वीच, हापूस कोणता ते सांगितले. रत्नाला गोडी आहे, गर घट्ट व गडद केशरी आहे, कोयीला रेशे चिकटत नाहीत; परंतु आढी लावलेली खोली दारातच ओळखू यावी असा हापूसचा दरवळ तिच्यात नाही. आमरसासाठी आणि फोडींसाठी मला ती हापूसइतकीच आवडते. वासासाठी आंबा खाणाऱ्यांनी मात्र दरवळाविषयीचे वाक्य पुन्हा वाचावे.

काका रत्ना उत्सुकतेने खातात, पण तिला “विद्यापीठाचा आंबा” म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी ती पूर्ण प्रशंसा नसते. सुरुवातीला मला हा हट्ट वाटला. नंतर वर्षे जुळवून पाहिली तेव्हा उलगडा झाला. काकांनी दापोली सोडली १९७० साली. तेथे कृषी महाविद्यालय १९६५ मध्ये सुरू झाले होते, पण विद्यापीठ १९७२ चे आहे. त्यांच्या आठवणीतल्या गावात कलम म्हणजे भेट कलम, म्हणजे मातृवृक्षाभोवती बांबूचा माच बांधून त्यावर रायवळ रोपांच्या कुंड्या मांडायच्या, रोप आणि फांदी एकमेकांना बांधायची आणि जोड जुळेपर्यंत कित्येक आठवडे त्या उंचीवर पाणी शेंदून न्यायचे. ते पाणी घालण्याचे काम मुलांकडे असे आणि काका त्या मुलांपैकी एक होते. उगवून आलेल्या कोवळ्या कोयीवर दमट हवेत काही मिनिटांत बांधले जाणारे कोय कलम त्यांनी गाव सोडल्यानंतरच पाहिले. रत्ना आली तेव्हा मी आठवीत होते आणि विद्यापीठाचे आवार आमच्या रोजच्या वाटेवरच होते, त्यामुळे माझ्या दापोलीत ही जात गावचीच आहे. आम्ही एकाच गावाविषयी बोलतो तेव्हा गडग्यावरचे शेवाळ, सुपारीच्या आगरातील पाट, आसूदच्या केशवराज मंदिराकडे उतरणारी सावली हे सगळे जुळते. आंब्यापाशी आले की तो गाव त्यांचा वेगळा आणि माझा वेगळा होतो. त्यांच्या परसात प्रत्येक रायवळ झाडाला घरचे नाव होते आणि त्यातील दोन नावे ते अजून सांगतात, त्या चवी मी चाखलेल्याही नाहीत.

तेव्हा खरेदी करणाऱ्याने आपल्याला काय हवे आहे हे आधी ठरवावे. दरवर्षी काही ना काही फळ, कापताना धास्ती नाही आणि पिंपात मावणारे झाड हवे असेल तर रत्ना घ्यावी. हापूसच हवा असेल तर हापूस लावावा, पण एक वर्ष रिकामे जाण्याची आणि साक्याची तयारी ठेवून. कलम निवडताना जोड पूर्ण भरून आलेला आणि मातीच्या वर स्पष्ट दिसणारा असावा, जोडावर प्लॅस्टिकची पट्टी आवळलेली राहिली असेल तर ती सोडवावी, आणि तांबूस कोवळ्या पालवीचे कलम दिसायला कितीही सुंदर असले तरी पाने हिरवी होऊन घट्ट झालेलेच प्रवासाला न्यावे. माझ्या पहिल्या कलमाची पालवी ताम्हिणी घाटाच्या वळणांतच मान टाकून बसली होती. पहिला पाऊस झाला की चांगली कलमे लवकर संपतात, म्हणून जूनच्या मध्यापर्यंत जाणे बरे.

मी येत्या जूनमध्ये पुन्हा जाणार आहे आणि आणखी एक पिंप कापून ठेवले आहे. काकांनाही त्यांच्यासाठी काय आणू असे विचारले. त्यांनी यंदाच्या रत्नाची फोड संपवली, कोय बारकाईने न्याहाळली आणि म्हणाले, “आणा एक. हापूसचंच आणा.”