उरुळी कांचनजवळची नर्सरी: अबोली घ्यायची तर इथूनच

५ पैकी ४ स्टार देतेय, एक का कापला ते खाली लिहिलंय. सोलापूर रोडला उरुळी कांचनच्या आसपास नर्सऱ्यांची रांगच आहे आणि बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, तीच जास्वंद, तीच बोगनवेल, तेच अडेनियम. मला पायजे होती अबोली, बाल्कनीत कुंडीत लावायला. झाड एवढुसंच, पण बारमाही, नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं फुलतं. फक्त नर्सरीतूनच मुळं रोगट आली असतील तर घरी तुम्ही कितीही लाड करा, ते काही टिकत नाही.

म्हणून इथलं मला सगळ्यात काय आवडलं सांगते. नर्सरीवाल्या काकांना विचारलं, काका मुळं बरी आहेत ना? तर त्यांनी सरळ पिशवी उलटी केली, बुडावर थाप मारली आणि मातीचा अख्खा गड्डा हातावर काढून दाखवला. बारीक पांढरी मुळं, कुठे गाठ नाही. अबोलीला सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जंतांचा, त्रास फार, मुळांवर गाठीच गाठी होतात आणि वरून आपल्याला दिसतं काय तर झाड पिवळं पडतंय, वाढत नाहीये, मग लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून आणखी पाणी घालतात आणि मुळं कुजून झाड पार जातं. काकांनी विक्रीतून बाजूला काढलेलं एक रोप आणून गाठी कशा दिसतात तेही दाखवलं, म्हणाले ताई हे बघून ठेवा, कुठूनही घेतलंत तरी कामाला येईल. असं सांगणारा दुकानदार मिळत नाही हो आजकाल.

अबोली दोन प्रकारची होती. गावठी ५० रुपये आणि दिल्ली अबोली १२० रुपये. आधी मला १२० जास्त वाटले, पण तिथल्याच काकूंनी आपणहून कारण सांगितलं. दिल्ली अबोलीचं फूल मोठं आणि गडद केशरी, पण ती ट्रिप्लॉइड, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेली, असल्यामुळे बीच धरत नाही, प्रत्येक रोप फांदी लावूनच करावं लागतं. गावठीचं तसं नाही, तिची वाळलेली शेंग ओली झाली की फुटते आणि बी लांब उडतं. काकूंनी एक तपकिरी शेंग माझ्या तळहातावर ठेवली, वर पाण्याचा थेंब टाकला आणि जरा वेळाने टच्चकन फुटली की! माझी मुलगी तर तिथून हलायलाच तयार नव्हती. पावसाळ्यात शेजारच्या कुंड्यांमधे अबोलीची पिल्लं का उगवतात ते यातच आलं. मी दोन्ही घेतल्या.

सांगितलेली काळजी पण अगदी उपयोगाची, घरी तसंच करतेय आणि दोन्ही झाडं मस्त आहेत. आठ-दहा इंची कुंडी, माती भुसभुशीत, पाण्याचा निचरा झालाच पायजे, मातीत शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड. वरची माती सुकली की मगच पाणी. सकाळचं ४-५ तास ऊन भरपूर झालं, एप्रिल-मेत दुपारचं कडक ऊन मात्र नको. थंडीत फुलं कमी होणार, तिला उबदार हवाच लागते, तेव्हा उगाच खत ओतत बसू नका. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे, त्यामुळे कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असं दिसायला लागलं होतं, तर ते लोह कमी पडल्याचं लक्षण. चिलेटेड फेरसची, म्हणजे झाडाला सहज घेता येणाऱ्या लोहाची, हलकी फवारणी केली आणि नवीन पानं छान हिरवी आली.

आणि दांडे कापायचे, हे मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं, बरेच जण हेच करत नाहीत. फुलं तुऱ्याला खालून वर उमलत जातात, सगळी संपली की हिरवा दांडा तसाच उभा राहतो आणि झाडाची ताकद बी भरण्यात जाते. तो खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापला की तिथूनच दोन फांद्या फुटतात आणि तुरे दुप्पट. माझ्या सासूबाई कुडाळच्या, त्यांना सणाला वळेसर, म्हणजे केसात माळायचा गजरा, अबोलीचाच लागतो. या फुलाला वास अजिबात नाही पण दिवसभर माळलं तरी मान टाकत नाही, म्हणून तर कोकणात आणि गोव्यात अबोलीला एवढा मान. आता त्या रोज सकाळी बाल्कनीतली फुलं काढून ओल्या फडक्यात ठेवतात.

आता तो एक स्टार. काउंटरवरचा मुलगा प्रत्येकाच्या गळ्यात फ्लॉवर बूस्टरची बाटली मारायला बघतो, माझ्या पुढच्या आजोबांना ३५० ला दिलीच त्याने, जेव्हा की काका आत शेडमधे सांगत होते की शेणखत आणि निंबोळी पेंड पुरे. हे बरोबर नाही, मालकांनी लक्ष घालावं. दुसरं म्हणजे रोपांना नावाच्या पट्ट्या नाहीत, फुलं नसताना दिल्ली कुठली आणि गावठी कुठली हे नवख्या माणसाने ओळखायचं कसं? रविवारी गर्दीत तर काका सापडतच नाहीत, तेव्हा शक्यतो मधल्या वारी सकाळी लवकर जा.

पिवळी अबोली नव्हती. बंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेच्या अर्का अंबरा, अर्का कनका अशा जाती आहेत त्याबद्दल पण विचारलं, काकांना नावं माहीत होती, मागवून बघतो म्हणालेत. फोन नंबर देऊन आलेय, रोपं आली की इथेच फोटो टाकते.