झेडएफ ८एचपीची सर्व्हिस घरी करायची, तर पॅन प्लास्टिकचा घ्यावा की धातूचा?

सेकंडहँड बीएमडब्ल्यू थ्री सिरीज घेतलेला माणूस लाखभर किलोमीटरच्या आसपास आला की गिअरबॉक्सच्या तेलाची चौकशी सुरू करतो. उत्तर मिळतं, ‘ते आयुष्यभराचं असतं, हात लावू नका.’ ८एचपी हा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं झाली की तेल बदला असं सांगते. ज्यानं वस्तू बनवली त्याचं ऐकावं, या मताचा मी आहे. त्यामुळे बदलावं की नाही हा वाद इथे नको. तेल बदलायचं ठरलंय, घरी बदलायचं तेही ठरलंय, आणि आता मागवायचं काय, एवढ्यावर तुमची गाडी अडली असेल तर पुढे वाचा.

मी बोलतोय ते एफ३० पिढीच्या डिझेल ३२०डीबद्दल, म्हणजे तिच्यातल्या ८एचपी४५ गिअरबॉक्सबद्दल. नंतरच्या ८एचपी५०लाही यातलं बरंचसं लागू पडेल. या गिअरबॉक्सच्या तळाला कंपनीतूनच प्लास्टिकचा पॅन, म्हणजे तेल साठवणारं तसराळं, येतो आणि फिल्टर त्या पॅनच्या अंगातच असतो. वेगळा निघत नाही. म्हणजे फिल्टर बदलायचा तर अख्खा पॅन बदला. झेडएफच्या सर्व्हिस किटमध्ये हा पॅन, गॅस्केट, चुंबक, नवे बोल्ट आणि ७ लिटर लाइफगार्ड ८ तेल असं सगळं एका खोक्यात येतं. दुसरा पर्याय धातूच्या पॅनचा. त्यात दोन पोटजाती: पत्र्याचा दाबीव पॅन, किंवा बाहेरून पाती असलेला ओतीव ॲल्युमिनियमचा. दोन्हींत फिल्टर सुटा. पॅन एकदाच घ्यायचा, पुढच्या वेळी फक्त फिल्टर आणि गॅस्केट.

माझ्या गाडीला प्लास्टिकचा पॅन आहे. मित्राच्या गाडीला पत्र्याचा बसवला, त्या कामात मी गाडीखाली होतो. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, पार्किंगही आमच्याच सोसायटीचं. मोजमापाच्या नावाखाली माझ्याकडे एवढंच आहे.

कागदावर धातूचा पॅन जिंकतो, हे आधीच मान्य करतो. प्लास्टिक वर्षानुवर्षं तापून-गार होऊन किंचित वाकतं आणि कडेनं तेल पाझरायला लागतं. दहा वर्षांच्या गाडीखाली वाकून पाहिलंत तर पॅनच्या कडेला धूळ आणि तेलाचा काळपट थर बहुधा दिसेलच. ड्रेन प्लगही प्लास्टिकचा. त्याला जरा जोर लावला की मनात धाकधूक. आणि दर वेळी पूर्ण पॅन टाकून द्यायचा हे आपल्या मध्यमवर्गीय मनाला पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. धातूच्या पॅनला यातलं काहीच नाही. खाली लोखंडी बोल्ट, पाना लावा, फिरवा, संपलं.

ॲल्युमिनियमच्या पॅनचं ‘तेल थंड राहतं’ हे समर्थन मात्र मी फारसं मनावर घेत नाही. या गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान सांभाळायचं काम कूलंटवर चालणारा हीट एक्स्चेंजर करतो. पात्यांनी थोडाफार फरक पडत असेलही. पण सकाळ-संध्याकाळ हिंजवडीच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उभ्या गाडीखालून वारा जाणार किती? शिवाय यातले काही पॅन खोल असतात, त्यांत तेल जास्त मावतं, म्हणजे किटाच्या ७ लिटरवर आणखी डबे घ्या. कस्टम ड्यूटी धरून तो पॅन घरी येईपर्यंत हिशोब कुठच्या कुठे जातो. मॅप केलेली, म्हणजे सॉफ्टवेअरनं ताकद वाढवलेली गाडी घेऊन घाटात आणि ट्रॅकवर जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा.

तेव्हा खरी लढत प्लास्टिक आणि पत्रा यांच्यात. माझा कौल ज्या गोष्टीमुळे एका बाजूला गेला ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. ती म्हणजे टपटप.

ड्रेन प्लग काढला, तेल वाहून गेलं, धार थांबली, पॅन उतरवला. आता वर मेकॅट्रॉनिक युनिट, म्हणजे गिअर बदलणाऱ्या व्हॉल्व्ह आणि इलेक्ट्रॉनिक्सचा ठोकळा, उघडं पडतं आणि त्याच्या प्रत्येक वाटेत, प्रत्येक खाचेत अडकलेलं तेल खाली यायला लागतं. धार नाही, थेंब. दहा-बारा ठिकाणांहून, आपापल्या सवडीनं. चहा पिऊन या, जेवून या, थेंब चालूच. रात्रभर तसंच ठेवलंत तरी सकाळी एखादा लोंबताना दिसेल. गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर असते, माणूस उभा असतो, त्याला याचं काही वाटत नाही. आपण चार जॅक स्टँडवर चढवलेल्या गाडीखाली पाठीवर. छाती आणि गिअरबॉक्स यांत हातभर अंतर, आणि थेंब चष्म्यावर.

या अवस्थेत पत्र्याचा पॅन बसवायचा म्हणजे तीन सुट्या वस्तू एकत्र वर न्यायच्या. सुटा फिल्टर आधी त्याच्या भोकात दाबून बसवायचा. तो ओ-रिंगच्या घर्षणावर लटकतो. मग पॅनच्या काठावर गॅस्केट. ते कोरडं असेपर्यंत शहाण्यासारखं राहतं. पॅन वर नेता नेता त्यावर दोन थेंब पडले की ते सरकतं. एका कोपऱ्यातलं भोक जुळवलं की समोरच्या कोपऱ्यातलं आत जातं. डाव्या हातावर पॅन तोललेला, उजव्या हातात बोल्ट, आणि गॅस्केट जागेवर आहे का हे बघायला मान वळत नाही. आम्ही पॅन खाली घेतला, पुसला, पुन्हा वर नेला. पुन्हा खाली. शेवटी मित्राच्या बायकोनं पलीकडून टॉर्च धरून ‘आता सरळ दिसतंय’ म्हटलं तेव्हा बोल्ट लागले. आणि दिसलं सरळ, तरी नंतर एका कडेला ओल आलीच. पत्र्याचा काठ दोन बोल्टांच्या मधे जरासा दबतो, कुठे जास्त आवळला गेला की तिथे पोटात घेतो. आमच्या हाती आलेल्याच पॅनचा हा दोष असेल. सगळ्या पत्र्याच्या पॅनवर शिक्का मारायचा नाहीये.

प्लास्टिकच्या पॅनमध्ये फिल्टर, चुंबक, पॅन हा एकच तुकडा. गॅस्केट काठातल्या खोबणीत कुकरच्या रिंगसारखं बसतं, उलटं केलं तरी पडत नाही. थेंब पडोत नाहीतर पाऊस. पॅन वर न्यायचा, फिल्टरची मान भोकाखाली आणायची आणि तळव्यानं सरळ दाबायचं. मान आत जाताना आधी रबराचा अडथळा लागतो, मग ती एकदम बसते. ते हाताला स्पष्ट कळतं. दोन कोपऱ्यांचे बोल्ट बोटांनी लावले की हात मोकळे. बोल्टांच्या भोकांत धातूच्या बुशी (छोट्या नळ्या) असतात, त्यामुळे आवळताना एका ठिकाणी ‘लागलं’ असं जाणवतं आणि गॅस्केट हवं त्यापेक्षा जास्त चेपत नाही. माझ्या किटमधले बोल्ट टी४०चे (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे), १० न्यूटन मीटरवर. तुमच्या किटच्या कागदावर काय छापलंय ते बघा, कारण जुने ॲल्युमिनियमचे बोल्ट असतील तर त्यांची पद्धत वेगळी.

मान आत घालण्याआधी एक गोष्ट बोट घालून तपासायचीच: जुन्या फिल्टरची रबरी रिंग वर भोकातच चिकटून राहिलेली नाही ना. पॅन ओढताना ती कधीकधी मागे राहते. तिच्यावर नवी रिंग चढवलीत तर पंप तेलाऐवजी हवा ओढणार.

पत्र्याकडे जाणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना. प्लास्टिकचा काठ जाड असतो, त्याचे बोल्ट लांब. तेच बोल्ट पत्र्याच्या पातळ काठाला लावले तर ते भोकाच्या तळाला टेकतात, पाना ‘घट्ट’ म्हणतो आणि पॅन ढिलाच राहतो. म्हणून धातूचा पॅन घेताना आखूड बोल्ट सोबत आहेत का ते विचारून घ्या. स्वस्तातल्या खोक्यांत ते असतातच असं नाही.

‘पण पुढच्या वेळी फक्त फिल्टर’ या मुद्द्याचं काय? मुद्दा रास्त आहे. मी फक्त एवढंच विचारतो, की पुढची वेळ कधी? वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे ८० हजार व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. २०१४-१५ची गाडी तेव्हा तुमच्याकडे असेल, याची पैज तुम्ही लावणार असाल तर पत्र्याचा पॅन जरूर घ्या. आपल्याकडे जुनी बीएमडब्ल्यू तीन-चार वर्षांत हात बदलते, हे माझं निरीक्षण. मग ती बचत कुणाच्या खिशात जाते ते सांगायला नको.

तेलाबद्दल फार लिहीत नाही. लाइफगार्ड ८ हिरवं असतं, डब्यातून ओतताना दिसतं. मान्यता असलेली दुसऱ्या ब्रँडची तेलं वापरणारे लोक माझ्या ओळखीत आहेत आणि त्यांच्या गाड्या छान चालतात. नाना पेठेत मात्र ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ म्हणून लाल तेलाचा डबा पुढे केला जातो, तो नम्रपणे मागे सारावा. किटमध्ये तेल येतंच, तर त्यात डोकं कशाला घालायचं?

त्यापेक्षा विचार करा तो मेकॅट्रॉनिकच्या स्लीव्हचा. गिअरबॉक्सच्या बाजूला वायरिंगचा जो गोल कनेक्टर बसतो, तो या स्लीव्हमधून आत जातो. हिच्या रिंगा कडक झाल्या की इथूनही तेल झिरपतं आणि ओघळून पॅनच्या काठावर येतं. मग आपण पॅनला शिव्या देतो. पॅन उतरलेला असतानाच ती बदलता येते, आतली कडी खाली ओढायची, बाहेरून कनेक्टर काढायचा, स्लीव्ह हातात येते. स्लीव्हची किंमत पॅनपुढे किरकोळ. ‘प्लास्टिकचा पॅन गळतो’ म्हणून धातूकडे वळलेल्यांपैकी काहींची गळती इथलीच असावी, असा मला संशय आहे. सिद्ध करायला पुरावा नाही.

आता तेल भरण्याबद्दल, कारण यात आपल्या हवामानाचा संबंध येतो. पातळी तपासायची ती इंजिन चालू ठेवून, गाडी समतल, गिअर एकदा सगळे फिरवून, तेल ३० ते ५० अंश सेल्सियसच्या दरम्यान असताना. फिलरच्या, म्हणजे तेल भरायच्या, भोकातून बारीक धार यायला लागली की पातळी बरोबर. युरोपात थंड गॅरेजमध्ये यासाठी भरपूर वेळ मिळत असेल. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारी गाडीखालची हवाच ३८-४०ला असते, इंजिन चालू केलं की बघता बघता ५० ओलांडतं. आणि एक्झॉस्ट जवळच, हात भाजतो. म्हणून काम सकाळी लवकर किंवा पावसाळा संपल्यावर काढा. तापमान गाडीच्या ओबीडी सॉकेटला (तपासणीच्या सॉकेटला) लावायच्या साध्या उपकरणानं मोबाइलमध्ये दिसतं, तेवढी सोय आधी करून ठेवा. ओल दिसली म्हणून पॅन पुन्हा उतरवायची वेळ आली, तर ही सगळी कसरत पहिल्यापासून. पत्र्याच्या पॅनवर माझा राग आहे तो यामुळेही.

तरीही पत्रा कुणी घ्यावा? ज्याला लिफ्ट मिळणार आहे, ज्याच्याकडे मदतीला दुसरा माणूस आहे, आणि ज्याची गाडी विकायची नाही असं घरात ठरलेलं आहे, त्यानं. चांगल्या प्रतीचा घेतला तर तो माझ्या प्लास्टिकपेक्षा जास्त टिकेल यात मला शंका नाही. पाठीवर झोपून, एकट्यानं, रविवारी सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर काम करणाऱ्याला मात्र मी झेडएफचं खोकंच सुचवीन. सोसायटीच्या सेक्रेटरींना डाग दिसू नये म्हणून खाली जाड पुठ्ठा आणि त्यावर लाकडाचा भुसा, हे दोन्ही पॅनना सारखंच.

मागवताना यादी अशी: सर्व्हिस किट, मेकॅट्रॉनिक स्लीव्ह, तेलाचा एक लिटर जास्तीचा, आणि फिलर बोल्ट. तो किटमध्ये असेलच असं नाही, आणि जुन्याचं सील एकदा उघडल्यावर पुन्हा धरेल याची खात्री मी तरी देणार नाही.