विमानातला कार्बन मोनॉक्साइड अलार्म: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मिशिगनमध्ये मी आणि एक मित्र मिळून एका इंजिनाचं, चार सीटचं जुनं विमान ठेवतो. ऑक्टोबरपासून त्यात कार्बन मोनॉक्साइडचा (इंजिनाच्या धुरातल्या विषारी वायूचा) बॅटरीवरचा अलार्म आहे. त्याआधी पॅनेलवर चिकटवलेलं कार्ड होतं. वायू आला की त्यावरचा ठिपका काळा पडतो; पण उडवताना तो बघतो कोण? आमच्या कार्डाची मुदत संपून वर्ष झालं होतं, आणि दोघांच्याही ते लक्षात नव्हतं.

पहिला महिना फक्त आकडे टिपले. मागून वारा असताना विमान जमिनीवर चालवत नेलं (टॅक्सी) की ८-१० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग), वर गेल्यावर शून्य.

जानेवारीत ट्रॅव्हर्स सिटीला निघालो. कडाक्याची थंडी, म्हणून हीटर पूर्ण उघडला. आकडा १२, मग २६, मग ४१. वास नाही, डोकं दुखत नाही, काहीच नाही. ५० ला अलार्म वाजला म्हणे. हेडसेटमधून मला तो ऐकूच आला नाही, दिसला तो लाल दिवा. म्हणून हे यंत्र खिशात किंवा मागच्या सीटवर ठेवू नका, नजरेसमोरच लावा. हीटर बंद केला, ताज्या हवेची तोंडं उघडली आणि जवळच्या विमानतळावर उतरलो.

सायलेन्सरवरच्या पत्र्याच्या आवरणातून फिरलेली हवाच हीटरमधून केबिनमध्ये येते. मेकॅनिकने एक्झॉस्टमध्ये व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी सोडली आणि साबणाचं पाणी लावलं. वेल्डिंगच्या कडेला बारीक बुडबुडे फुटू लागले. केसाएवढी चीर! वार्षिक तपासणी होऊन चारच महिने झाले होते.

एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात-चौकशी संस्थेच्या नोंदीत १९८२ ते २०२० दरम्यान या वायूमुळे झालेले ३१ अपघात आहेत, त्यांत ४२ जण गेले. घरातला अलार्म विमानात लावून भागवू नका. ७० पीपीएमला तो तासभर तरी गप्प राहतो.

यंत्राइतकाच सराव महत्त्वाचा. दर दोन वर्षांच्या फ्लाइट रिव्ह्यूत (इन्स्ट्रक्टरबरोबरच्या उजळणीत) मी इन्स्ट्रक्टरला मध्येच "अलार्म!" म्हणायला सांगितलं. पहिल्या खेपेला मी हीटरऐवजी शेजारची ताज्या हवेची मूठ आत ढकलली, म्हणजे नेमकं उलटं. पाच-सहा वेळा केल्यावर हात आपोआप बरोबर जायला लागला. हे जमिनीवर, इंजिन बंद असतानाही करता येतं.

तक्रारी दोन: उन्हात आकडे नीट दिसत नाहीत, आणि सेन्सर काही वर्षांनी बदलावाच लागतो. ती तारीख आम्ही लॉगबुकच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली आहे.