गिअरबॉक्स उघडण्याआधी भोक बघा: पद्मिनीचे लिंकेज बुश, उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

स्टिअरिंगला गिअर असलेली प्रीमिअर पद्मिनी मोटार ज्यांच्याकडे आहे त्यांना १०८९ सीसी आणि चार गिअर वगैरे सांगायची गरज नाही. मी फक्त गिअरच्या दांड्यात येणाऱ्या ढिलेपणाबद्दल लिहितोय. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सळया आणि सांधे जातात, ते लिंकेज; आणि सांध्याच्या भोकात पिनेभोवती बसणारी छोटी नळी म्हणजे बुश. आमची गाडी १९८६ ची, बाबांनी घेतलेली. गेल्या हिवाळ्यात दांडा न्यूट्रलमध्ये लोंबायला लागला आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना मधेच अडायला लागला. ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटात मागे ट्रकची रांग लागली होती आणि गाडी ना दुसऱ्यात, ना तिसऱ्यात. बाबा शेजारून विचारतायत, "सापडला का रे?"

आमच्या इंदूरच्याच एका गॅरेजवाल्याने दांडा हलवून बघितला आणि गिअरबॉक्स उतरवावा लागेल म्हणून सांगितलं. रक्कम पाच आकडी. बॉनेट उघडलं नाही, खाली वाकून पाहिलं नाही. याचा राग मला आजही आहे, कारण दोष कुठे आहे ते ओळखायला वेळ लागत नाही. इंजिन बंद ठेवून एकाने आत बसायचं आणि दांडा सावकाश हलवायचा. दुसऱ्याने खालची हालचाल बघायची. दांडा हलतोय पण गिअरबॉक्सवरचा लिव्हर जागचा ढळत नाही, तर झीज मधल्या सांध्यांत आहे. लिव्हर पूर्ण जातोय आणि तरी चालत्या गाडीत गिअर निसटतोय, तर बॉक्सवर संशय घ्या. रिव्हर्स टाकताना करकर होत असेल तर आधी क्लच नीट सुटतोय का ते बघा. खाली जाताना मात्र नुसत्या जॅकवर विसंबू नका, घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावा.

आमच्याकडे झीज सांध्यांतच होती. हातातला दांडा लांब असतो आणि खालची आर्म, म्हणजे सळई जिला जोडलेली असते ती पट्टी, आखूड. आर्म पाच सेंटिमीटर आणि दांडा पंचवीस धरला, तर खाली एक मिलिमीटरचा प्ले (ढिलेपणा) हातात पाच मिलिमीटर होऊन येतो. वाटेत असे बरेच सांधे, आणि प्रत्येक जण आपली भर घालतो. त्यातून या दांड्याला दोन कामं: आधी गिअरची रांग (पहिला-दुसरा की तिसरा-चौथा) निवडायची, मग गिअर टाकायचा. दुसऱ्यावरून तिसऱ्याला रांग बदलते, म्हणून ढिलेपणा पहिल्यांदा तिथेच जाणवतो.

छोटी ग्वालटोलीतून रबरी बुशांचा तयार किट आणला. स्वस्त होता, आणि लावल्याबरोबर गाडी इतकी गोड चालायला लागली की मी ओळखीच्या दोन पद्मिनीवाल्यांना तोच घ्या म्हणून सांगितलं. वैशाखातलं ऊन सुरू झालं आणि दांडा परत लोंबायला लागला. बुश काढून हातात घेतला तर एका बाजूने कागदासारखा पातळ आणि चकचकीत, दुसऱ्या बाजूने जसाच्या तसा जाड. रबर नुसतं झिजलेलं नव्हतं, ते एकाच दिशेला खाल्लं गेलं होतं. व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावल्यावर कारण समजलं. आर्मचं भोक गोल राहिलेलंच नव्हतं. उभं माप आणि आडवं माप यांत जवळजवळ अर्धा मिलिमीटर फरक.

हा लेख खरं म्हणजे या भोकासाठी आहे. किट विकणारा गोल भोक धरून बुश विकतो. तीस-चाळीस वर्षं चाललेल्या गाडीत ते गोल असेलच असं नाही, आणि अंडाकृती भोकात कितीही चांगला बुश घाला, सगळा भार त्याच्या दोन कडांवर येतो. किटच्या पाकिटावर याबद्दल चकार शब्द नाही.

पोलोग्राउंडमधल्या एका खरादवाल्याकडे (लेथवाल्याकडे) आर्म नेल्या. त्यांनी भोकात बोट फिरवलं आणि म्हणाले, "भिया, पेले छेद गोल करो, फिर बुश की बात करना." भोकं रीमरने (भोक नेमक्या मापाला कातणाऱ्या हत्याराने) गोल करून घेतली, पिना घासून गुळगुळीत केल्या आणि वाढीव मापाचे पितळी बुश कातून घेतले. बसवताना अंगठ्याचा दाब लागेल, पण बसल्यावर पीन अडखळता कामा नये, हे माप त्यांनी हातानेच जोखलं. नव्या कॉटर पिना (सांधा निसटू नये म्हणून घालायच्या दुमडत्या पिना) आणि वॉशरसकट खर्च दोन हजारांच्या आत.

आठवडाभर मला वाटलं, पितळेसारखं काही नाही. पण सिग्नलला उभं राहिलं की दांडा झणझणायचा. पितळ इंजिनाची थरथर जशीच्या तशी वर पोचवतं. शिवाय त्याला वेळच्या वेळी ग्रीस लागतं. म्हणून खाली इंजिनाजवळच्या दोन सांध्यांत डेलरिनचे (एका कडक प्लास्टिकचे) बुश कातून घातले आणि वरच्या बाजूला पितळ राहू दिलं. आता कोणी विचारलं तर मी हीच जोडी सांगतो. नायलॉन घेऊ नका. ते ओलावा शोषून थोडं फुगतं, डेलरिन फारच कमी. अख्ख्या पावसाळ्यात दांडा एकदाही जड झाला नाही.

रबरी बुशच वापरायचे असतील तर त्यांना साधं ग्रीस फासू नका. खनिज तेलाच्या ग्रीसने नैसर्गिक रबर फुगून मऊ पडतं. आणि बुश कुठलाही असो, बदलल्यावर सळईची लांबी पुन्हा जुळवावी लागते. बॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवून, लॉकनट सैल करून, टोकाचे आटे फिरवायचे. हे न करता गाडी ताब्यात देणारे महाभाग आहेत.

एवढं करूनही ॲक्सिलरेटर दाबला की दांडा किंचित पुढे सरकत होता. त्याचं कारण फाउंडेशनचे रबर, म्हणजे इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते. गिअरबॉक्स इंजिनाबरोबर हलतो आणि स्टिअरिंग कॉलम बॉडीला बांधलेला असतो, त्यामुळे रबर दबून गेले की सळया ओढल्या जातात. ते बदलल्यावर सरकणं थांबलं. आधी फाउंडेशन बदलून मग लांबी जुळवली असती तर ते काम दोनदा करावं लागलं नसतं, तेव्हा तुम्ही याच क्रमाने करा.

परवा भेरूघाट बाबांनी स्वतः चालवला. तिसरा टाकताना त्यांनी दांड्याकडे पाहिलंही नाही. स्टिअरिंगखालचा अगदी वरचा बुश तेवढा अजून जुनाच आहे, त्याचा थोडा प्ले हाताला कळतो. त्यासाठी कॉलम सोडावा लागतो, म्हणून तो स्टिअरिंग बॉक्सच्या कामाबरोबर करणार आहे. तोपर्यंत दर सर्व्हिसला खालच्या कॉटर पिना बघतोय.