दुधाचा हिशेब: कॅलेंडर की व्हॉट्सॲप?

माप कॅलेंडरवर, खाडा फोनवर. कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या रतीबाला हेच बरं.

कॅलेंडरच्या चौकोनात वर सकाळचं माप, खाली संध्याकाळचं; खाड्याला फुली. बॉलपेनच वापरा, पेन्सिल पुसली की वाद ठरलेला. इथली खरी मेख आकड्यांची: कन्नड शाळेत शिकलेल्याला आपला १ इंग्रजी नऊ वाटू शकतो. मग एक लिटरचे नऊ! अक्षरी लिहा, नाहीतर इंग्रजी आकडे ठरवून घ्या.

व्हॉट्सॲपवर खाडा आदल्या रात्रीच कळवता येतो, वेळही नोंदली जाते. मात्र गायब होणारे संदेश चालू असतील, तर २४ तास, ७ किंवा ९० दिवसांत नोंद पुसली जाते. चुकलेला आकडा १५ मिनिटांतच बदलता येतो. महिनाअखेरची बेरीज मात्र संदेश वर सरकवत हातानेच.