.२२३ वाइल्ड चेंबरची बॅरल : एक अभिप्राय
अमेरिकेत एआर-१५ रायफलसाठी बॅरल (बंदुकीची नळी) घेणाऱ्यांना मी .२२३ वाइल्ड चेंबरच सुचवेन; चेंबर म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसण्याची जागा. .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसे बाहेरून सारखीच दिसतात. मात्र रेमिंग्टन चेंबरमध्ये आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या सर्पिल खाचा) लवकर सुरू होत असल्याने, त्यात नाटो काडतूस झाडल्यास गोळी लगेच आट्यांना भिडते आणि दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो. चपटे झालेले किंवा निखळलेले प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी असलेली, दारू पेटवणारी टोपी) ही त्याची खूण. बिल वाइल्ड यांनी आखलेल्या चेंबरमध्ये आट्यांपूर्वीची जागा पुरेशी लांब, पण व्यासाने तंग आहे, त्यामुळे दोन्ही काडतुसे सुरक्षितपणे चालतात आणि अचूकताही टिकते. झीज मात्र टळत नाही : सलग गोळीबाराने तापलेल्या बॅरलमध्ये आट्यांचा आरंभच सर्वांत आधी झिजतो.