पेट्रोल वॉशरचा आवाज: मोठा सायलेन्सर की पेटी?

कोल्हापुरात मंगळवार पेठेच्या बोळात सकाळी गाडी धुवायला पेट्रोल इंजिनवरचा प्रेशर वॉशर (जोरात पाणी मारणारं मशीन) सुरू केला की शेजारच्या आजी खिडकी लावून घेतात. त्यांच्यासाठी मी मोठा सायलेन्सर आणि मशीनभोवती पेटी, असे दोन्ही उपाय करून पाहिले.

सायलेन्सर बदलणं सोपं. शिवाजी उद्यमनगरात मापाचा फ्लँज (सायलेन्सर इंजिनला जोडणारी चकती) करून मिळतो, तासाभराचं काम. धडधड लगेच मऊ होते. मात्र धूर बाहेर पडायची वाट अरुंद झाली तर इंजिनवर मागून दाब येतो, ताकद घटते, म्हणून सायलेन्सर इंजिनच्या सीसीला साजेसाच हवा. शिवाय तो फक्त एक्झॉस्टचा आवाज अडवतो. पंपाची घरघर आणि एअर फिल्टरची सूं सूं तशीच राहते.

पेटी हे सगळंच दाबते. जाड प्लायवूड, आतून रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर), खाली रबरी पाय. पण ही इंजिनं हवेवर थंड होतात. फ्लायव्हीलच्या पंख्याला गार हवा मिळाली नाही तर इंजिनचं हेड (वरचा भाग) तापतं. माझ्या पहिल्या पेटीत वीस मिनिटांतच इंजिन दम टाकू लागलं. हवा आत यायला आणि बाहेर जायला वळणाचे वेगळे मार्ग ठेवा, धुराचा पाइप पेटीबाहेरच काढा. धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो.

फिरतं काम असेल तर माझं मत सायलेन्सरला. पेटी जड होते, ती एका जागच्या वॉशिंग सेंटरला शोभते. आणि होज (पाण्याचा पाइप) लांब घ्याच, म्हणजे मशीन दूर ठेवता येतं: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बोळात भिंती तो परत फेकतात, म्हणून मी मशीन आता रस्त्याच्या तोंडाशी ठेवतो.